मागच्या पट्ट्याची सँडल

पार्वतीचा डावा तळवा मुका झाला, त्याला चार-पाच वर्षं होऊन गेली होती. मुका हा तिचाच शब्द. पाय दुखत नव्हता, ठणकत नव्हता, नुसता बोलायचा बंद झाला होता. भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला जायची. दिवसभर मशीनपुढं उभं राहायचं काम. शिफ्ट सुटली की बाकीच्या बाया भिंतीला टेकून पाय चोळत बसायच्या, "आई गं, मेले" म्हणायच्या. पार्वतीही म्हणायची. उजव्या पायासाठी खरं, डाव्यासाठी खोटं.

रोगाचं नाव घरात कोणी घेत नव्हतं. ठाण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ते एकदाच घेतलं होतं, महारोग म्हणून, आणि लगेच म्हणाल्या होत्या की औषध आहे, घाबरू नकोस. पार्वतीला भीती रोगाची नव्हतीच. तिनं आपल्या वळ गावात सावळारामचं काय झालं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सावळाराम लंगडत होता तोवर लोक म्हणत होते, काटा भरलाय. मग त्याला कुठल्याशा दवाखान्यातून काळ्या मऊ रबराच्या, मागं पट्टा असलेल्या सँडल मिळाल्या. तशा सँडल बाजारात कुठं मिळत नाहीत, त्या फक्त त्याच रोग्यांना देतात, हे कोणीतरी ओळखलं. आठवड्याच्या आत विहिरीवरची त्याची पाळी बंद झाली. बायकोला भाऊ येऊन घेऊन गेले. आता तो खाडीकडच्या शेतात झोपडी घालून एकटा राहत होता. त्याचा रोग अंगावर कोणाला दिसला नव्हता, पायातल्या सँडलवर दिसला.

म्हणून पार्वती गोळ्या मशेरीच्या डबीत ठेवायची आणि बहिणीकडं जाते म्हणून ठाण्याला जायची. नवऱ्याला, दौलतला, माहीत होतं. कळलं तेव्हा तो महिनाभर ओट्यावर झोपला. मग एका सकाळी काही न बोलता आत आला आणि आपली ताटली तिच्या ताटलीला लावून बसला. तेव्हापासून तो एकच वाक्य बोलायचा, "कोणाला कळता कामा नये." त्यांची एकुलती मुलगी मैना, तिलाही नाही.

त्या वर्षी होळीच्या सुमाराला कारखान्यातून घरी आल्यावर पार्वती रबरी चप्पल काढायला गेली, तर डाव्या पायातली निघेना. तिनं खाली वाकून पाहिलं. पेटीचा खिळा चपलेच्या तळातून आरपार पायात घुसला होता. चप्पल पायाला ठोकलेली होती आणि ती तशीच दिवसभर मशीनपुढं उभी राहिली होती.

दवाखान्यात जखम धुऊन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला मागच्या खोलीत राघोदादांकडं पाठवलं. राघोदादा तिथं सँडल शिवायचे. त्यांच्या हाताची बोटं आखूड झालेली होती, पण त्या बोटांत आरी अशी बसायची की जणू हातालाच फुटली आहे.

"बाय, ही अंगठ्याची चप्पल म्हणजे तुझी वैरीण," ते म्हणाले. "ती धरून ठेवायला पायाची बोटं लागतात. तुझी बोटं झोपलेली. सुटली तरी तुला कळायचं न्हाय. तुला मागं पट्टा पाहिजे, वरून रुंद पट्टे, आवळायला बक्कल. तळ टणक, म्हंजे खिळा आत येणार न्हाय. आतनं मऊ, म्हंजे भार एका जागी बसणार न्हाय." आणि त्यांनी फळीवरून एक काळा जोड काढला.

पार्वतीनं हात मागं घेतला. "ही नको, दादा. माझ्या पोरीचं लगीन ठरलंय."

राघोदादांनी तो जोड परत फळीवर ठेवला. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाले, "मंग असं कर. बाजारातनं साधी सँडल घे, चारचौघी घालतात तशी. एक माप मोठी घे, खोलगट घे. मी आतला तळ काढून आपलं रबर बसवीन. वरून कोणाला कळणार न्हाय. आणि दुपार टळल्यावर घे, पाय दिवसभरात फुगतो."

पार्वतीनं ते मनात घट्ट बांधून ठेवलं. पण लग्नघरात बाईला स्वतःच्या पायासाठी सवड कुठून मिळणार? वैशाख उजाडला, लग्न तोंडावर आलं, तरी ती त्याच रबरी चपलेवर चालत होती. शेवटी सवड मिळाली ती बस्त्याच्या दिवशी, आणि तीही विहीणबाईंच्या देखत.

विहीणबाई म्हणजे पडघ्याच्या आनंदीबाई. नवरा गेल्यावर गवताची वखार त्यांनी एकटीनं चालवली होती. ट्रक उभा राहिला की नुसत्या नजरेनं त्या सांगायच्या, गवत वरून वाळलेलं आहे आणि आतून ओलं. ड्रायव्हर लोक त्यांना वचकून असायचे. त्यांचा मुलगा विठू शांत, कामसू होता. मैनेला तो एकाच भेटीत आवडला होता आणि तिनं ते लपवलंही नव्हतं.

भिवंडीच्या बाजारात लुगडी झाली, चोळखण झाले, आणि मग नवऱ्यामुलाच्या चपला घ्यायला दोघी विहिणी तीन बत्तीजवळच्या एका दुकानात शिरल्या. आनंदीबाईंनी विठूच्या पायाचं माप कागदावर आखून आणलं होतं. दुकानदार चाचांनी त्यावरून कोल्हापुरी काढली, आनंदीबाईंनी ती उलटी करून, वाकवून, टाच दाबून पाहिली आणि पसंत केली.

पार्वतीनं तेव्हाच धीर केला. "चाचा, मला पन एक दाखवा. मागं पट्टा असलेली."

आनंदीबाई हसल्या. "मास्तरणीसारखी? आपल्या वयाला अंगठ्याची बरी, विहीणबाई. पायात सरकवली की झालं."

"कारखान्यात तेल सांडलेलं असतं," पार्वती म्हणाली. "सटकायला होतं."

हे तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. चाचांनी खोके उतरवले. पार्वतीनं एक सँडल घातली, बक्कल लावली आणि दोन पावलं चालून दाखवली.

"कहीं लगता है?" चाचांनी विचारलं.

"न्हाय. बरी हाय."

चाचा उकिडवे बसले. त्यांनी सँडलवर अंगठा दाबला आणि चपापून वर पाहिलं. "अरे बाई, उंगली तो मुड़ गई है अंदर! पट्टे के नीचे दब गई. दर्द नहीं होता?"

पार्वती खाली पाहते तर करंगळी खरंच पट्ट्याखाली दुमडून पांढरी पडली होती. तिनं झटकन पाय ओढून घेतला. "उभं राहून राहून पाय मेलेत वो चाचा," ती हसत म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिला वाटलं, जीभ तोडून टाकावी.

आनंदीबाई त्या पायाकडं बघत होत्या.

पार्वतीनं मग मोठं माप मागितलं. ते घातल्यावर पुढं मागं मोकळी जागा राहिली. चाचा मान हलवू लागले, "ये बड़ा है. इसमें पैर खेलेगा. छाला पड़ेगा."

"असूं दे. मला ढिलंच बरं वाटतं."

"आवळ होती ती बरी वाटली, आता ढिली पन बरीच वाटते," आनंदीबाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या पायाला सगळंच बरं वाटतं, विहीणबाई."

पार्वतीनं सँडल बांधून घेतल्या, पिशवीत खाली घातल्या आणि वर लुगडी ठेवली. राघोदादांचं रबर बसेपर्यंत त्या घालायच्या नव्हत्या. पायात तीच रबरी चप्पल सरकवून ती दुकानाबाहेर पडली.

बाहेर ऊन नुसतं ओतत होतं. रस्त्याचं डांबर मऊ होऊन चकाकत होतं, हातगाड्यांची चाकं त्यात चर पाडत होती. एस.टी. स्टँडकडं जाताना पार्वती पुढं होती, आनंदीबाई मागं. आता यांना बोलायला जागाच द्यायची नाही, असं ठरवून पार्वती स्वतःच बोलत सुटली. आचारी कोण, मांडव कोणाचा, वरातीला बँड भिवंडीचा आणायचा की अंबाडीचा. मागून हुंकार येत नव्हता हे तिच्या ध्यानात आलं नाही. ट्रक चुकवत तिनं चौक ओलांडला, कडेकडेनं स्टँड गाठलं, सावलीत पिशवी टेकवली.

"आता बसा जरा. तुमची गाडी लागायची हाय अजून," ती वळून म्हणाली.

आनंदीबाई बसल्या नाहीत. त्यांचा चेहरा घामानं निथळत होता आणि त्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पदराआडचा हात पुढं केला. हातात एक रबरी चप्पल होती, तळाला डांबर माखलेली, निळ्या पट्ट्याची.

पार्वतीला आधी कळलंच नाही की ही इथं कशी. मग तिनं खाली पाहिलं. उजव्या पायात चप्पल होती. डावा पाय उघडा होता.

"चौकात डांबरात रुतली," आनंदीबाई म्हणाल्या. "मी हाक मारणार होते. मंग म्हटलं, बघू या, कधी कळतंय."

पार्वतीनं डावा पाय उजव्यामागं ओढून घेतला.

"त्या डांबरावर कुत्रं पाय ठेवत न्हवतं, विहीणबाई. तुम्ही बँडचं बोलत होता."

स्टँडवर गाड्या येत होत्या, कंडक्टर ओरडत होते. पार्वतीनं पाय उचलून तळवा पाहिला. कातडी पांढरी होऊन सुटत आली होती. खोटं सांगायला तिच्याजवळ दोन-तीन गोष्टी तयार होत्या. पण ती बाई उन्हातून तिची चप्पल हातात धरून आली होती, आणि त्या हाताकडं पाहून पार्वतीला त्यांतली एकही सांगवेना.

"कधीपासनं?" आनंदीबाईंनी विचारलं.

"लई वर्षं झाली. औषध पुरं घेतलं. डॉक्टरीण म्हणते, रोग गेला, पन पाय मेला तो मेला."

"तोच रोग?"

पार्वतीनं मान हलवली.

"आनि मैना?"

"तिच्या अंगावर काय न्हाय. तिला ठाऊक पन न्हाय. देवाशपथ सांगते."

आनंदीबाईंनी चप्पल खाली, पार्वतीच्या पायाजवळ ठेवली. फेकली नाही, ठेवली. मग आपल्या पिशव्या उचलल्या. "मी कळवीन," म्हणाल्या आणि पडघ्याच्या गाडीकडं चालू लागल्या. गाडीत खिडकीशी बसल्यावरही त्यांनी एकदासुद्धा इकडं पाहिलं नाही.

घरी दौलतनं कपाळावर हात मारून घेतला. "कशाला कबूल केलंस? म्हणायचं होतं, लगबगीत कळलं न्हाय."

"चौक ओलांडून आले मी तशीच, अवो. एवढी कसली लगबग?"

"आता पडघ्यात बोंब होईल. मंग वळात होईल. मंग सावळारामच्या शेजारी दुसरी झोपडी घालू या आपन." तो ओरडत नव्हता. हळू बोलत होता, त्यानं जास्त लागत होतं.

मैना दारात उभी होती. केव्हापासून, ते दोघांनाही कळलं नाही.

ती रडली नाही, भांडली नाही. आईचा पाय तिनं समोर ओढून घेतला, आलेला फोड पाहिला आणि विचारलं, "दुखतो?"

"न्हाय."

"जराबी न्हाय?"

"न्हाय गं, बाय."

मैना उठून परसात गेली. बऱ्याच वेळानं पार्वती तिच्यामागं गेली, तर पोरगी विहिरीच्या बाजूला तोंड करून बसली होती. हातात सुई होती. कोपरापासून मनगटापर्यंत ती आपल्याच हाताला सुई टोचून बघत होती, एक जागा झाली की दुसरी. टोचलं की दचकायची आणि दचकली की श्वास सोडायची.

डांबरावर चालताना जे लागलं नव्हतं ते पार्वतीला तिथं लागलं. ती मागच्या मागं फिरली.

पडघ्याहून निरोप येईना. दौलत कामावरून आला की आधी पार्वतीच्या तोंडाकडं बघायचा. शेजारची रंगूबाई पापडाचं पीठ कधी भिजवायचं विचारून गेली. पार्वतीनं सांगितलं, उद्या बघू. पाय बांधून ती घरीच होती. फोड फुटला, खाली लाल मांस दिसायला लागलं. रस्त्यावर गाडी थांबली की तिचा जीव वर यायचा आणि गाडी पुढं गेली की आणखी वर यायचा.

मग एका सकाळी गवताचा रिकामा ट्रक दारासमोर येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हरशेजारून आनंदीबाई उतरल्या. चहाला नको म्हणाल्या. ओट्यावर टेकल्याही नाहीत.

"मला तुमच्या त्या दवाखान्यात घेऊन चला," म्हणाल्या. "मैनेला पन घ्या. मला लोकांच्या तोंडचं ऐकायचं न्हाय. डॉक्टरचं ऐकायचं हाय."

"आनि तिनं नको ते सांगितलं तर?" दौलतनं विचारलं.

"तर लगीन मोडलं," आनंदीबाई म्हणाल्या. "उगाच गोड बोलून काय करू?"

पार्वतीनं नव्या सँडलची पिशवी उचलली. लग्न राहो न राहो, पाय तर होताच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी पार्वतीची जखम पाहिली आणि तिला चांगलंच झापलं. मग मैनेला पडद्याआड नेऊन पाठ, दंड, मांड्या, कोपराची नस, सगळं तपासलं. शेवटी तिला सगळ्यांसमोर स्टुलावर बसवलं.

"डोळे मीट. मी कापूस लावते. जिथं लागेल तिथं बोट ठेव."

कापसाचं बारीक टोक मनगटाला टेकलं. मैनेनं तिथं बोट ठेवलं. दंडाला टेकलं, तिथं ठेवलं. घोट्याला, तळव्याला, पायाच्या बोटाला. आनंदीबाई स्टुलाशी वाकून बघत होत्या, गवताचा ट्रक बघावा तशा. मग मैनेचं बोट हवेत थांबलं. ती डोळे मिटून वाट पाहत राहिली. पार्वतीनं टेबलाची कड धरली. बोट हलेना.

"कुठं लागलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुठंच न्हाय," मैना चाचरत म्हणाली.

"बरोबर. मी लावलाच नव्हता." त्यांनी कापूस टाकून दिला. "मुलगी निरोगी आहे."

पार्वती तिथल्या बाकावर बसली.

आनंदीबाईंचे प्रश्न मात्र संपले नव्हते. "हिची आई घरी आली, जेवली, राहिली, तर?"

"काही होणार नाही. हिच्याकडून कोणाला लागण होत नाही. आता तर रोगही उरलेला नाही. फक्त पायाला कळत नाही, म्हणून पायाला जपायचं. अनवाणी एक पाऊलसुद्धा नाही, घरातही नाही."

"लिहून द्याल?"

"देईन की. पण लिहिलेलं दाखवणार कोणाला?"

आनंदीबाई त्यावर थबकल्या. मग म्हणाल्या, "ते पन खरंच."

मागच्या खोलीत राघोदादांनी बाजारातली सँडल हातात फिरवून पाहिली. "माप बरोबर आणलंस, बाय." त्यांनी आतला तळ सोलून काढला, काळं मऊ रबर कापलं, कडा घासल्या, चिकटवलं. एका जागी पट्ट्याचं टोक सैल होतं, तिथं आरीनं टाके घातले. आनंदीबाई दारात उभ्या होत्या. राघोदादांनी स्टूल पुढं सरकवलं. त्या बसल्या नाहीत. राघोदादांनाही त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

काम झालं तशी त्यांनी सँडल उचलली आणि इकडंतिकडं पाहिलं. "माझ्या हाताखालची कासाबाय आज आली न्हाय. झाली का पंचाईत."

"काय झालं?" मैनेनं विचारलं.

"आतनं चाचपायला कोणीतरी लागतं. बाजारच्या मालात कुठं बारीक खिळा राहिलेला असतो, कुठं टाका वर येतो. माझ्या बोटांना कळत न्हाय, आनि हिच्या पायाला कळत न्हाय." त्यांनी सँडल पुढं धरली. "जिला कळतं तिनं हात घालायचा."

मैना पुढं झाली. पण सँडल दाराच्या बाजूला धरलेली होती आणि आनंदीबाई तिच्याहून जवळ होत्या. राघोदादांचा हात त्यांच्यापासून वीतभर. आखूड बोटं, त्यात ती सँडल, आणि तिच्यातच थोड्या वेळापूर्वी पार्वतीनं मापासाठी पाय घातलेला.

पार्वतीनं मान खाली घातली. तिला ते बघायचं नव्हतं.

आनंदीबाईंनी पदराला हात पुसला. पुसायचं काही कारण नव्हतं, हात कोरडाच होता. मग त्यांनी सँडल घेतली आणि आत हात घातला. आधी नुसती बोटं, मग पंजा, मग पार मनगटापर्यंत. टाचेपासून हळूहळू पुढं चाचपत आल्या. बक्कल होती त्या बाजूला त्यांचा हात थांबला.

"हितं," त्या म्हणाल्या. "हितं टोचतंय. खिळाच हाय. बारीक हाय, पन हाय." बोट बाहेर काढून पाहिलं तर टोकाला रक्ताचा थेंब आला होता. त्यांनी तो पदरानं टिपला. "दादा, हा काढा. आनि दुसऱ्या पायाची आणा हिकडं."

परतताना ट्रक मानकोलीजवळ थांबला तेव्हा आनंदीबाई पहिल्यांदा बोलल्या. "लगीन होईल. विठूला मी सगळं सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टर न्हाय म्हणाली तरी मी मैनेशीच करीन. मी त्याला दोन ठेवून दिल्या." मैनेनं खिडकीकडं तोंड फिरवलं. "पन विहीणबाई, माझं एक ऐका. तुम्ही पंगतीत वाढायला उभ्या राहू नका. उद्या कळलं तर माझी भावकी मला फाडून खाईल. मी एवढीच हाय. याहून मोठी न्हाय."

पार्वती बराच वेळ मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिली. मान हलवून मोकळं होणं सोपं होतं. इतकी वर्षं ती तेच करत आली होती.

"एकच पोर हाय माझी," ती म्हणाली. "मी वाढणार."

ड्रायव्हरनं गियर टाकला. आनंदीबाईंनी मोठा सुस्कारा सोडला.

"अनवाणी वाढाल?"

"डॉक्टरीण न्हाय म्हणते. सँडल घालून वाढीन."

"पंगतीत पायताण घालून? अहो, लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच सांगा काय म्हणतील."

बराच रस्ता मागं पडला. मग आनंदीबाई म्हणाल्या, "पाय भाजलाय म्हणा. डांबरानं भाजलाय. खोटं न्हाय ते."

लग्न वळातच झालं, शाळेसमोरच्या मैदानात. पार्वती सकाळपासून सँडल घालून वावरत होती. रंगूबाईनं विचारलं, गोदूमावशीनं विचारलं, आचाऱ्यानंसुद्धा विचारलं. पार्वतीनं तोंड उघडायच्या आधी आनंदीबाई मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून सांगत होत्या, "पाय भाजलाय त्यांचा! भिवंडीच्या डांबरानं! मी होते ना बरोबर!" इतक्यांदा सांगितलं की दौलतला घाम फुटला.

पडघ्याच्या पाहुण्यांची पंगत बसली तशी पार्वतीनं बुंदीचं ताट उचललं. सँडल मातीवर घट्ट बसत होती. पायाला ते कळत नव्हतं, पण चालीला कळत होतं. कितीतरी वर्षांनी ती खाली न बघता चालत होती. आनंदीबाईंच्या पत्रावळीवर तिनं बुंदी वाढली. त्यांनी वर न बघता एक घास उचलून तोंडात टाकला.

त्यांच्या पलीकडं आनंदीबाईंचे थोरले दीर बसले होते, सगळ्या भावकीतले मोठे. पार्वती त्यांच्यासमोर वाकली. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मला नको."

पार्वतीच्या हातातलं ताट क्षणभर जड झालं. म्हाताऱ्यानं मान वर केली नव्हती. त्यांना काही कळलं होतं, की पोट भरलं होतं, की गोड वर्ज्य होतं, कोण जाणे. पार्वतीला ते पुढंही कधी कळलं नाही. आनंदीबाईंचा घास तोंडातच थांबला होता.

पार्वतीनं पदर खांद्यावर नीट घेतला, एक पाऊल सरकली आणि पुढच्या पत्रावळीवर वाकली. "घ्या पावनं," ती म्हणाली. "गरम हाय."